महामारीतील अन्न आणि यादीतील नाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्याने योजिली जातात, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे शिकलो आणि पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर काही काळ त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकविलेही. त्यांची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. हजेरी घेऊन झाली की हजेरीपट मिटण्यापूर्वी ते मान वर करून वर्गाकडे पाहत आणि विचारीत, "कोणाचं नाव घ्यायचं राहिलं का रे?" बहुतेक दिवशी कोणाचे राहिलेले नसे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत बाहेरगावाहून आलेल्या मजुराचे एखादे पोर मागच्या रांगेत गुपचूप येऊन बसलेले असे. त्याचे नाव पटावर नसे. गुरुजी ते पाटीवर लिहून घेत आणि संध्याकाळी त्याच्या आईबापांच्या पालावर जाऊन चौकशी करीत.

आजच्या विषयाचा विचार करताना मला ही सवय पुनःपुन्हा आठवली. विषय आहे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या इंद्रवेल्लीच्या परिसरात लोकांनी काय खाल्ले, ते त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले आणि कोणापर्यंत पोहोचले नाही. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, आहारतज्ज्ञही नाही. निवृत्त शिक्षक म्हणून त्या काळात गावातील चार तरुणांबरोबर याद्या करण्याचे आणि अर्ज भरण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्या अनुभवाच्या आधारे, आणि नंतर जे वाचले त्याच्या आधारे, बोलणार आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. तेलंगणात शाळा त्यापूर्वीच, १६ मार्चपासून, बंद झाल्या होत्या. आपल्याकडे मार्चअखेर हा कोणता काळ असतो, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे. कापूस विकून झालेला असतो आणि त्याचा पैसा बहुधा सावकाराकडे किंवा बियाण्याच्या दुकानदाराकडे गेलेला असतो. रानात मोहाची फुले पडू लागतात. बायामाणसे पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. त्यामागून तेंदूपानांचा हंगाम येतो. या दोन्हींचा पैसा पावसाळ्याच्या तोंडावर हाती येतो आणि त्यावर मीठ, मिरची, तेल, डाळ चालते. त्या वर्षी मोह नेहमीप्रमाणे पडला; मात्र तो विकायचा ज्या आठवडी बाजारात, तो बाजार बंद होता. मजुरीला जायचे तर वाहन नव्हते. थोडक्यात, घरात पैसा येण्याच्या वाटा एका रात्रीत थांबल्या, आणि त्या थांबल्या त्या वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्यात.

साथ आणि भूक एकत्र येणे हे आपल्या देशाला नवे नाही. १८९६-९७ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेग आणि दुष्काळ बरोबरच आले. त्या वेळी, १८९७ साली, इंग्रज सरकारने केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. १९१८ साली इन्फ्लुएंझा आला त्याच वर्षी पाऊस फसला होता. देशात कोटीच्या वर माणसे दगावली, आणि त्यांतील किती तापाने व किती उपासमारीने गेली हे वेगळे करणे आजही कठीण आहे. आमच्या पिढीला मात्र आठवतो तो १९७२ चा दुष्काळ. त्या वेळी साथ नव्हती, पण परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांनी खाल्लेली आहे. या सर्व प्रसंगी पाऊस पडला नव्हता, पीक आले नव्हते.

२०२० ची गोष्ट निराळी होती. त्या वसंतात सरकारी कोठारांत, भरडायचे भात धरून, ७ कोटी टनांहून अधिक धान्य होते. एप्रिलच्या आरंभी जवळ असावा असा जो राखीव साठ्याचा दंडक आहे, तो सुमारे २ कोटी १० लाख टनांचा. म्हणजे गरजेच्या तिपटीहून अधिक धान्य देशात पडून होते. प्रश्न होता तो कोठारापासून चुलीपर्यंतच्या रस्त्याचा.

त्या रस्त्याचा पहिला टप्पा त्या वेळी चांगला चालला, हे प्रथम प्रांजळपणे सांगतो. राज्य शासनाने टाळेबंदी लागताच जाहीर केले की, ज्यांच्याकडे अन्नसुरक्षा कार्ड आहे, ज्याला आपण अजूनही 'पांढरे कार्ड' म्हणतो, त्या घरातील प्रत्येक माणसामागे १२ किलो तांदूळ विनामूल्य आणि कार्डामागे १,५०० रुपये मिळतील. केंद्र शासनाने २६ मार्चला प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली: माणशी दरमहा ५ किलो अधिक धान्य आणि कुटुंबामागे १ किलो डाळ, आधी तीन महिन्यांसाठी. ती पुढे अनेकदा वाढत वाढत २०२२ च्या डिसेंबरपर्यंत चालली. आपल्या आदिवासी भागात शिधा येतो तो गिरिजन सहकारी संस्थेच्या डेपोंतून. ही संस्था १९५६ पासूनची, आणि तेलंगण झाल्यावर तिची येथील शाखा वेगळी झाली. मध आणि मोह विकत घ्यायचा, मीठ आणि तांदूळ द्यायचा, हे काम हे डेपो वर्षानुवर्षे करीत आले आहेत. लोक त्यांच्याविषयी तक्रारी करतात आणि त्यांतील काही खऱ्याही असतात; परंतु त्या एप्रिलमध्ये ट्रक आले, पोती उतरली, डेपोसमोर चुन्याची वर्तुळे आखली गेली आणि तांदूळ वाटला गेला. १२ किलो म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम. तेवढ्यावर माणूस उपाशी मरत नाही.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संकटाच्या वेळी जे चालते ते पूर्वीपासून चालत असलेलेच असते. वाट मळलेली असेल तरच अंधारात पाऊल पडते. जी व्यवस्था त्याच उन्हाळ्यात नव्याने उभारली गेली, तिची कथा याच्या अगदी उलट झाली. १४ मे रोजी केंद्राने जाहीर केले की, ज्यांच्याकडे कोणतेही कार्ड नाही अशा सुमारे ८ कोटी स्थलांतरितांना दोन महिने माणशी ५ किलो धान्य देऊ, आणि त्यासाठी ८ लाख टन धान्य बाजूला काढले. हेतू उत्तमच होता. प्रत्यक्षात त्यातील सुमारे एकतृतीयांशच लोकांच्या हाती पडले. धान्य होते आणि घेणारेही होते. परंतु घेणारे कोण याची यादी कोणापाशीच नव्हती.

पलीकडच्या महाराष्ट्रातही असेच घडले. तेथे आदिवासींसाठी पावसाळ्यात खावटी देण्याची पद्धत १९७० च्या दशकापासूनची. मधल्या काही वर्षांत ती बंद पडली होती. २०२० च्या सप्टेंबरात ती अनुदानाच्या रूपाने पुन्हा सुरू करण्याचे ठरले: कुटुंबाला ४,००० रुपयांचे साहाय्य, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंच्या रूपाने. पण बंद पडलेल्या योजनेच्या याद्याही बंद पडलेल्या असतात. पुन्हा सर्वेक्षण आले, बँकेचे क्रमांक आले, खरेदीच्या निविदा आल्या आणि वस्तू घरी पोहोचायला पुढचे वर्ष उजाडले. किनवटकडच्या माझ्या एका आप्ताने तेव्हा म्हटले होते, "खावटी आली खरी, पण पेरणी उरकल्यावर."

आता ज्यांचे नाव यादीत नव्हते त्यांच्याकडे वळतो. आजच्या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे.

आमच्या वस्तीजवळ एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे नाव सांगत नाही, कारण त्याची आवश्यकता नाही. घरात ते, त्यांची पत्नी, मुलगा आणि सून. मुलाचे लग्न २०१९ च्या उन्हाळ्यात झाले. सून सीमेपलीकडची, किनवट तालुक्यातली. २०२० च्या एप्रिलमध्ये ती पाचव्या महिन्यात होती. कार्डावर नावे तीन, म्हणून ३६ किलो तांदूळ मिळाला. खाणारी तोंडे चार. ३६ किलो चौघांत वाटले की माणशी ९ किलो, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम. हे गणित मी अनेक वर्षे चौथीच्या मुलांना त्रैराशिक म्हणून घातले असेल. पण त्या दिवशी ते त्यांच्या ओसरीवर बसून करताना मला अवघड गेले. कारण ज्या घरात तांदूळ मोजून शिजतो, त्या घरात सर्वांत शेवटी जेवणारी व्यक्ती कोण असते, हे आपण सर्व जाणतो.

सुनेचे नाव कोठेच नव्हते असे मात्र नाही. ते तिच्या वडिलांच्या शिधापत्रिकेवर होते, महाराष्ट्रात. लग्नानंतर नाव कमी केल्याचा दाखला तिकडून आणायचा आणि मग इकडे मी-सेवा केंद्रात अर्ज करायचा, अशी रीत आहे. दाखला आणायचे राहून गेले होते. आणि आणला असता तरी उपयोग झाला नसता, कारण त्या सुमारास आपल्या राज्यात नवी नावे चढविण्याचे अर्ज वर्षानुवर्षे मंजुरीविना पडून होते. तिच्या नावाचे धान्य दरमहा निघत होते, पण ते सीमेपलीकडे, आणि सीमा ओलांडायला बंदी. मी तिच्यासाठी एका कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्या वेळी साहेब नव्हते, दुसऱ्या वेळी संगणक नव्हता, तिसऱ्या वेळी दोन्ही होते आणि 'वरून उघडलेले नाही' असे उत्तर मिळाले.

येथे माझ्या स्वतःच्या अज्ञानाचीही कबुली द्यायला हवी. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था तेव्हा अस्तित्वात होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तो तेलंगण-आंध्र आणि महाराष्ट्र-गुजरात या दोन जोड्यांतच; आणि १ जानेवारी २०२० पासून बारा राज्ये तिच्यात एकत्र आली, त्यांत तेलंगणही होते आणि महाराष्ट्रही. म्हणजे सीमेपलीकडच्या कार्डावर सीमेअलीकडे तिच्या वाट्याचे धान्य मागता येईल, अशी तरतूद कागदावर टाळेबंदीपूर्वीच झालेली होती. हे डेपोवाल्याला ठाऊक नव्हते, मला नव्हते, आणि तिच्या वडिलांना तर नव्हतेच. मला ते कळले पुढच्या वर्षी, जेव्हा २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था ३१ जुलैपर्यंत प्रत्येक राज्याने अमलात आणावी असा आदेश दिला आणि त्याची बातमी वृत्तपत्रांत आली. कोणाच्या कानावर न गेलेला हक्क तिच्या काय उपयोगाचा?

सीमेचा उल्लेख झाला म्हणून थोडे विषयांतर करतो. पण ते अगदीच विषयांतर नाही. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. तोपर्यंत या डोंगरपट्ट्यात व्यवहाराची भाषा मराठी होती. इतकी, की १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाईला गोंड शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हा गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. रेघ ओढली गेली ती नकाशावर. सोयरिकी पूर्वीप्रमाणेच रेघेच्या दोन्ही बाजूंना होत राहिल्या. प्रत्येक सोयरिकीबरोबर एका मुलीचे नाव एका राज्याच्या वहीत राहते आणि ती मुलगी दुसऱ्या राज्यात जाते. उलट, केरामेरी आणि जिवती यांच्यामधील ज्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तेथे अनेक घरांत दोन्ही राज्यांची शिधापत्रिका आहे आणि दोन्हीकडे मतदानही आहे. कोणी त्यांना हसते, कोणी त्यांचा हेवा करते. मला दोन्ही करावेसे वाटत नाही. वहीत नाव नसले की काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो मिळेल त्या वहीत नाव लावून ठेवतो.

इंद्रवेल्लीला तर हे कोणी शिकवायला नको. २० एप्रिल १९८१ रोजी येथे गोंड बांधव जमले होते ते कसत असलेल्या जमिनीचे पट्टे मागण्यासाठी, म्हणजेच सरकारी वहीत आपले नाव लागावे यासाठी. गोळीबारात सरकारी आकड्याप्रमाणे १३ माणसे गेली. लोक सांगतात तो आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. तो स्तूप आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

आता शिधापत्रिकेची वही लहान का राहते, ते पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्य पोहोचविण्याचे ठरविले. अग्रक्रमाच्या कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो. हे प्रमाण कोणत्या लोकसंख्येवर लावायचे? तर २०११ च्या जनगणनेवर. त्यावरून प्रत्येक राज्याची कमाल मर्यादा ठरली. तेलंगणाची सुमारे १ कोटी ९१ लाख. त्यानंतर जी मुले जन्मली आणि ज्या मुली लग्न होऊन आल्या, त्यांच्यासाठी केंद्राच्या वहीत जागा वाढली नाही. २०२१ ची जनगणना महामारीमुळे राहिली आणि तिच्या जागी होणाऱ्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला. तेलंगणाने आपल्या खर्चाने आणखी काही लाख कार्डे दिली आणि २०१५ च्या जानेवारीपासून माणशी ६ किलो तांदूळ १ रुपया दराने देण्यास आरंभ केला, याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्याच काळात दुसऱ्या टोकाने नावे गळतही होती. संगणकाने निकष लावून लक्षावधी कार्डे रद्द केली. अनेकांना नोटीसही गेली नाही. अखेर २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, २०१६ पासून रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करा.

'जागेवर जाऊन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत दुसरीही एक वही होती, आणि ती जागेवर जाऊनच तयार झालेली होती. अंगणवाडीच्या बाईंची वही. अंगणवाडीला शिधापत्रिका लागत नाही. बाई घरोघर फिरतात, कोण गरोदर आहे, कोणाचे मूल सहा महिन्यांचे झाले, हे विचारतात आणि लिहितात. सून कोणत्या राज्यातून आली हा प्रश्न त्यांच्या रकान्यात नाही. तेलंगणात १ जानेवारी २०१५ पासून आरोग्यलक्ष्मी योजना आहे: गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक पूर्ण जेवण, २०० मिलिलिटर दूध आणि एक अंडे. टाळेबंदीत अंगणवाडीत बसून जेवणे बंद झाले, तेव्हा तोच शिधा घरी द्यायचा ठरला. आमच्या बाई तोंडाला पदर बांधून दूध, अंडी आणि डाळ घेऊन दारोदार गेल्या. डेपोच्या लेखी जी मुलगी त्या घरात नव्हती, तिला या बाईंच्या लेखी जागा होती. बाईंना मिळणारे मानधन किती, हे आपणांस ठाऊक असेलच. ते येथे सांगून त्यांचा अधिक संकोच करीत नाही.

परंतु घरी दिलेला शिधा आणि समोर बसवून घातलेले जेवण यांत अंतर असते. अंगणवाडीत ती स्वतः अंडे खाई. घरी आलेली अंडी घराची झाली. तिच्या सासूबाईंनी मला सांगितले, "गुरुजी, तांदूळ हाय, त्याचं काई नाई. पर तांदळासंगं खायाचं काय? पोरीच्या अंड्याचं कालवण करतो मग समदे मिळून." यात त्यांचा दोष मला दिसत नाही. ज्या घरात डाळ नाही, तेथे महिन्याची अंडी एका व्यक्तीसाठी राखून ठेवणे हे सांगायला सोपे आहे. केंद्राने देऊ केलेली १ किलो डाळ अनेक ठिकाणी तांदळाच्या बऱ्याच मागून पोहोचली, कारण तांदूळ कोठारात तयार होता आणि तूर अजून भरडायची होती. जनधन खात्यात स्त्रियांना तीन महिने ५०० रुपये आले, तर ते काढले नाहीत तर सरकार परत घेईल अशी अफवा उठली आणि ज्या काळात गर्दी टाळायची त्याच काळात बँकांसमोर रांगा लागल्या.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतील हा फरक मुलांच्या बाबतीत अधिक ठळक झाला. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शासकीय प्राथमिक शाळेत शिजविलेले माध्यान्ह भोजन द्या असा आदेश दिला. तेव्हाही प्रकरण असेच होते: कोठारे भरलेली आणि राजस्थानात दुष्काळ. त्यानंतरच्या वीस वर्षांत शाळेतील डाळ-भात आणि अंडे हा आपल्या भागातील मुलांच्या आहाराचा कणा झाला. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचे तर तिन्ही वेळचे जेवण तेथेच. १६ मार्च २०२० ला बंद झालेल्या तेलंगणातील पहिली ते पाचवीच्या शाळा उघडल्या त्या १ सप्टेंबर २०२१ ला. साडेसतरा महिने. पहिलीत असताना घरी गेलेले मूल परत आले ते तिसरीत बसण्यासाठी. या काळात अभ्यास किती बुडाला, याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. पण किती जेवणे बुडाली, याची गणती कोणी मांडलेली मी पाहिली नाही. शाळा बंद असली तरी मुलाला अन्नसुरक्षा भत्ता, म्हणजे धान्य व शिजविण्याचा खर्च, मिळाला पाहिजे असा नियम आहे. परंतु कोरडे धान्य घरी गेले की ते पुन्हा घराचे होते, आणि जे मूल स्वतः मागू शकत नाही ते मागे राहते.

हे दुखणे केवळ आपले आहे असेही नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात २०२० च्या मार्चमध्ये कायदा झाला की, शाळा बंद असल्यामुळे ज्या मुलांचे मोफत जेवण बुडाले त्यांच्या पालकांना तेवढी रक्कम अन्न खरेदीच्या कार्डावर द्यावी. कल्पना फार चांगली. पण मुलांची यादी शाळांकडे आणि कार्डांची यादी दुसऱ्या खात्याकडे. दोन्ही जुळविण्यात अनेक राज्यांत महिने गेले. तेथील संगणकांचे हे झाले, तर आमच्या डेपोतील यंत्राने एखाद्या मोलकरणीच्या झिजलेल्या अंगठ्याला नाकारले, याचे नवल ते काय?

आपल्या राज्याचे पोषण साथ येण्यापूर्वीच नाजूक होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे तेलंगणातील काम २०१९ मध्ये झाले. तीत पाच वर्षांखालील ३३ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, आणि ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ७० टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. म्हणजे हा हिशेब टाळेबंदीच्या आधीचा आहे. याचे एक कारण आपल्या शेतांतच आहे. आमच्या लहानपणी या पट्ट्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी हे रोजचे जेवण होते. ज्वारीच्या जागी कापूस आला, आणि ताटातल्या भाकरीच्या जागी डेपोचा भात आला. भाताला मी नावे ठेवीत नाही. त्या एप्रिलमध्ये त्यानेच तारले. पण ज्या घरात ज्वारीची कणगी होती, त्या घराला त्या वर्षी बाजाराची वाट कमी पाहावी लागली, हेही मी पाहिले.

रस्त्याविषयी बोलल्याशिवाय त्या काळाचे बोलणे पुरे होणार नाही. गुडीहत्नूरला हैदराबाद-नागपूर महामार्ग लागतो. एप्रिल आणि मे महिन्यांत त्या रस्त्याने उत्तरेकडे चालत जाणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. राज्याने त्यांच्यासाठीही माणशी १२ किलो धान्य आणि ५०० रुपये जाहीर केले होते. परंतु ज्याला चालत हजार किलोमीटर जायचे आहे, त्याने १२ किलो तांदूळ डोक्यावर घेऊन शिजवायचा कोठे? त्याला भाकरी हवी होती, आणि ती गुडीहत्नूरच्या लोकांनी दिली. मुलुगू जिल्ह्यातील मिरचीच्या शेतांतून छत्तीसगडकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक मुलगी घर जवळ आले असताना वाटेत गेली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली, तेव्हा रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण पाहिले आहे. ही सर्व माणसे त्यांच्या गावच्या कोणत्या ना कोणत्या यादीत असतीलही. जेथे ती होती, तेथील यादीत ती नव्हती.

त्या सुनेला २०२० च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. थोडा कमी वजनाचा, पण सुखरूप. पुढच्या वर्षी मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तिच्या सासूबाई गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी ते वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले आणि संकोचाने विचारू लागले की, कार्डावरील पत्नीचे नाव कमी करण्याचा अर्ज आताच द्यावा की सुनेचे आणि नातवाचे नाव चढेपर्यंत थांबावे. मी त्यांना काय सांगितले, ते येथे सांगत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये राज्यात सुमारे ३ लाख नवी कार्डे दिली गेली; त्यांत त्यांच्या घरचा अर्ज बसला नाही. २०२५ च्या एप्रिलपासून डेपोत बारीक तांदूळ येऊ लागला, आणि जुलैमध्ये नव्या कार्डांचे वाटप पुन्हा सुरू झाले. त्या पावसाळ्यात आई आणि मुलगा या दोघांची नावे चढली आणि आजीचे नाव उतरले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. कार्डावर चार नावे आहेत आणि महिन्याला २४ किलो तांदूळ मिळतो.